पक्क्या परवान्यानंतरचे बारा तास: परिवहन आयुक्त आणि ड्रायव्हिंग स्कूलचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
आणि राज्यातील सर्व मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे चालक व प्रशिक्षक

विषय: हलक्या वाहनांच्या नवपरवानाधारकांसाठी प्रगत प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा सुरू करण्याबाबत

स.न.वि.वि.

आम्ही गाडी शिकवणारी माणसे आहोत. मागणी एकच आहे. पक्का परवाना हातात पडल्यानंतर तिसऱ्या ते नवव्या महिन्यात प्रत्येक नव्या कारचालकाला बारा तासांचे दुसरे प्रशिक्षण मिळावे. ते घाटात, रात्री, पावसात आणि द्रुतगती मार्गावर, खऱ्या वेगात व्हावे. सुरुवातीला ते ऐच्छिक असले तरी चालेल, पण त्याचा अभ्यासक्रम ठरलेला असावा आणि त्याची नोंद शासनाच्या दप्तरी व्हावी.

आज काय शिकवले जाते ते आधी पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कार शिकायला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास लागतात. हे १० तास कुठे जातात? बहुतेक सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, वस्तीतल्या ओळखीच्या रस्त्यांवर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, तीस-चाळीसच्या वेगाने. शेजारी प्रशिक्षक, त्याच्या पायाशी जोडक्लच आणि जोडब्रेक. ब्रेक नेमका कोणी लावला आणि किती लावला, हे शिकणाऱ्याला कित्येकदा कळतच नाही. मग आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुढे नेणे. ट्रॅकवर गाडी क्वचितच वीसच्या पुढे जाते. या चाचणीला आमचा विरोध नाही. गाडीवर ताबा आहे की नाही एवढे ती बरोबर तपासते. पण नवा चालक ज्या प्रसंगांत मरतो किंवा मारतो, त्यातला एकही प्रसंग या ट्रॅकवर येत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर दगावली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. देशातल्या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या नावावर नोंदले आहेत. वेग वाढला की थांबायला किती जागा लागते याचा अनुभव मात्र परवाना मिळेपर्यंत कोणालाच दिला जात नाही.

आणि पुढेही दिला जात नाही. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर, अठराव्या वर्षी घेतलेला परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. म्हणजे बावीस वर्षे कोणी काही विचारणार नाही. त्याच दुरुस्तीने निलंबित परवाना परत मिळवण्यासाठी उजळणी प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. परवान्यानंतरही शिकवता येते हे कायद्याने मान्य केलेच आहे, फक्त ते गुन्हा घडल्यावर. आम्ही ते आधी मागतो आहोत.

आता बारा तासांत काय असावे ते सांगतो.

पहिला तास गाडी उभी असतानाच जावा, आणि गाडी शिकणाऱ्याची स्वतःची असावी. स्कूलच्या जुन्या हॅचबॅकवर शिकलेला माणूस चार दिवसांनी उंच एसयूव्ही घेतो, आणि बॉनेट कुठे संपते हे त्याला पार्किंगच्या भिंतीवर कळते. सीट अशी लावावी की पाठ टेकलेली असताना हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर हवे, कारण एअरबॅगला फुगायला तेवढी जागा लागते. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या पातळीला हवी. नवे चालक पुढचे नीट दिसावे म्हणून स्टिअरिंगला चिकटून बसतात आणि मग हात आखडल्यामुळे जोरात वळवता येत नाही. सीट वर उचलली की हा प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. टायरची हवा गाडी थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. खाचांमधले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की समजावे.

पुढचे तीन तास बंद मैदानावर, ब्रेकसाठी. याला किमान २५० मीटर सरळ डांबरी पट्टा लागतो. विषय साधा वाटतो, पण सगळ्यात मोठी उणीव इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ४२ मीटर असेच जातात. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, पुढे थांबायला आणखी ५५ मीटर. एकूण ९७. ओल्या रस्त्यावर हाच आकडा १३८ च्या आसपास जातो. साठच्या वेगाला कोरड्यात ४५ मीटर, ओल्यात ६०. हे आकडे फळ्यावर लिहून उपयोग नाही. शिकणाऱ्याला शंकू लावून द्यावा, "इथे थांबेल" असे त्याने आधी सांगावे आणि मग ३०, ५० आणि ६० च्या वेगाने प्रत्यक्ष थांबवून दाखवावे. साठच्या फेरीत जवळपास प्रत्येक जण आपल्या शंकूच्या पुढे जातो. हे एकदा पाहिले की पुढच्या गाडीशी अंतर ठेवण्याचा उपदेश करावा लागत नाही.

या फेऱ्यांत दोन चुका हमखास दिसतात. पहिली: आधी क्लच, मग ब्रेक. ही सवय स्कूलनेच लावलेली असते, कारण चाचणीत गाडी बंद पडली तर गुण जातात. वेगात मात्र आधी क्लच दाबला की इंजिनची ओढ सुटते आणि ब्रेकला उशीर होतो. आणीबाणीत आधी ब्रेक, पूर्ण ताकदीने, आणि क्लच त्याच्या मागून. गाडी बंद पडली तर पडू द्यावी. दुसरी चूक एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक मारताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची. २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये एबीएस आहे, पण तो चालू झाल्यावर पायाखाली जो खडखडाट होतो आणि पेडल उलटे ढकलते, त्याने नवा चालक दचकतो आणि पाय उचलतो. तिथेच गाडी पुढे जाते. पाय दाबूनच ठेवायचा, गाडी थांबेपर्यंत, आणि दाबलेल्या ब्रेकवरच स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवायचा. एबीएस आहे तो याचसाठी, की चाके अडकत नाहीत आणि गाडी वळते. चाळीसच्या वेगाला शंकूंच्या मधून हे पाच-सहा वेळा केले की शरीराला ते समजते.

एक इशारा स्कूलचालकांसाठी. मैदानावर गाडी घसरवून सावरण्याचे खेळ शिकवू नका. उत्तर युरोपात नव्या चालकांना निसरड्यावर गाडी सावरायला शिकवण्याचे प्रयोग झाले, तेव्हा काही ठिकाणी तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढले. त्यांना कौशल्यापेक्षा आत्मविश्वासच जास्त मिळाला होता. मैदानाचा उद्देश आपली मर्यादा दाखवणे हा आहे. शिकणारा थोडा घाबरून बाहेर पडला तर सत्र चांगले झाले.

घाटाला तीन तास. बोरघाट, ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली, खंबाटकी, कसारा, माळशेज, कन्नडचा औट्रम घाट: जो जवळ असेल तो. उतरताना गिअर उताराच्या आधी बदलायचा, उतारावर नव्हे. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवला की डिस्क तापते, ब्रेक ऑइल उकळायला लागते आणि पेडल मऊ पडून खाली जाते. जळका वास हा त्याआधीचा निरोप असतो. म्हणून ब्रेक ठामपणे दाबावा, वेग पाच-दहाने खाली आणावा, पूर्ण सोडावा, आणि इंजिनला गाडी धरू द्यावी. वास आलाच तर जागा पाहून थांबावे आणि अर्धा तास तरी चाके थंड होऊ द्यावीत, त्यावर पाणी ओतू नये. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि मग कमी तापमानाला उकळते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते हे नव्या गाडीमालकांना कोणीच सांगत नाही.

उतारावर न्यूट्रल करण्याची सवय मुळापासून उपटायला हवी. पुण्यात नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड गाड्यांनी हे काय होते ते पुन्हा पुन्हा दाखवले आहे, आणि भौतिकशास्त्र कारला वेगळे लागू होत नाही. इंधन वाचते हा समजही खोटा आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये, रेस सोडून उतरताना इंधन जवळपास बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवायला ते लागतच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर घातकच आहे. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होते.

ऑटोमॅटिक, विशेषतः एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रच बदलते अशा) गाड्यांकडे वेगळे लक्ष द्यावे, कारण नव्या चालकांची पहिली गाडी आता बऱ्याचदा तीच असते. चढावर थांबलेली एएमटी नुसत्या रेसवर धरून ठेवली की क्लच जळतो. ती हँडब्रेकवरच धरावी. उतरताना डी मध्ये सोडली तर ती स्वतःहून वरचा गिअर टाकते आणि सुटते. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर पकडून ठेवावा.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे, हा नियम परीक्षेत पाठ केलेला असतो, पण एसटी समोर आल्यावर आठवत नाही. नागमोडी वळणावर बसला पूर्ण रस्ता लागतो. वर बस दिसली की वळणाच्या अलीकडेच थांबावे. मधोमध गाठ पडली तर घाटात रिव्हर्स घ्यावा लागतो, आणि तो आपल्यालाच. वळणापूर्वी हॉर्न, वळणात ओव्हरटेक नाही, आपली बाजू सोडायची नाही. धुक्यात अप्पर (लांबवर पडणारा झोत) लावला की प्रकाश धुक्यावर आपटून डोळ्यांतच येतो, म्हणून डिपर (खाली पडणारा झोत) आणि असल्यास फॉगलाइट. काच आतून धुरकटली तर एसी चालू, बाहेरची हवा आत घेण्याचे बटण आणि वारा काचेवर. पावसात आतलीच हवा फिरवत ठेवणे ही काच न निवळण्यामागची नेहमीची चूक आहे.

पावसासाठी वेगळा तास नको. जून ते सप्टेंबरच्या तुकड्यांना तो आपोआप मिळेल आणि बाकीच्यांसाठी मैदानावर टँकरने पाणी मारता येते. एक गोष्ट मात्र आकड्यानिशी शिकवावी. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. रूढ ठोकताळ्याप्रमाणे ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, हवा २४ वर उतरली तर ८२ च्या. टायर झिजलेला असेल तर त्याहूनही आधी. स्टिअरिंग अचानक हलके लागले की गाडी पाण्यावर आहे असे समजावे. रेस सोडावी, स्टिअरिंग सरळ धरावे, ब्रेक मारू नये.

रात्रीचे दोन तास साखरपट्ट्यातल्या स्कूलनी तरी अजिबात गाळू नयेत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर गाळप हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या रात्रभर चालतात. कित्येकांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि लोंबणाऱ्या वाढ्यांनी असलेला रिफ्लेक्टरही झाकलेला. डिपरच्या उजेडात असा काळा आकार जेमतेम ४५ मीटरवर दिसतो. साठच्या वेगात तेवढ्यात कशीबशी गाडी थांबते. ऐंशीच्या वेगात पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ३३ मीटर गेलेले असतात, आणि उरलेल्या १२ मीटरमध्ये पूर्ण ब्रेक मारूनही धडक साधारण ६५ च्या वेगाने बसते. दिव्याच्या टप्प्यात थांबता येईल तेवढाच वेग, हा रात्रीचा नियम. समोरून अप्पर आला तर त्याच्या दिव्याकडे न पाहता आपल्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवावी, रेस सोडावी, आणि उत्तरादाखल आपला अप्पर लावू नये.

दुपदरी रस्त्यावरच्या ओव्हरटेकचे गणितही याच सत्रात, शक्यतो संध्याकाळी उजेड असताना. ट्रक ५० ने चालला आहे आणि तुम्ही ८० ने त्याच्या पुढे जाताय. वेगातला फरक सेकंदाला फक्त आठ मीटर. मागचे अंतर, ट्रकची लांबी आणि पुढे सुरक्षित शिरण्याची जागा मिळून ६० मीटर धरले तर सात सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात तुम्ही १६० मीटर जाता आणि समोरचा ८० ने येत असेल तर तोही १६०. थोडी सवड ठेवायची तर समोरचा रस्ता ४०० मीटर मोकळा दिसायला हवा. जोडट्रॉली असेल तर आणखी. प्रशिक्षकाने रस्त्याकडेचे किलोमीटरचे आणि दोनशे मीटरचे दगड वापरून ४०० मीटर म्हणजे डोळ्यांना किती, हे दाखवावे. बहुतेकांना ते वाटले होते त्याच्या दुप्पट निघते.

द्रुतगती मार्गाला दोन तास पुरतात. प्रवेशाच्या जोडमार्गावर वेग वाढवून आत शिरणे, आरसा आणि खांद्यावरून नजर, डावीकडून ओव्हरटेक न करणे, आणि पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचे अंतर. पुढची गाडी खांबाजवळून गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणावे आणि तोवर आपण खांब ओलांडलेला नसावा. शंभरच्या वेगाला हे ८३ मीटर होतात. पावसात पाच सेकंद. मुंबई-पुण्यापेक्षा समृद्धीचा धोका निराळा आहे. ७०१ किलोमीटरचा सरळ, एकसुरी रस्ता, कारला १२० ची मर्यादा, आणि डोळे उघडे असताना सुन्न होणारे डोके. दर दोन तासांनी उतरून चालणे हाच त्यावर उपाय. गाडी बंद पडली तर डाव्या कडेला, चारही इंडिकेटर, सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे, आणि मग त्रिकोण मागे शंभर मीटरवर. गाडीत बसून मदतीची वाट पाहू नये. चारही इंडिकेटर उभ्या गाडीसाठी आहेत. बोगद्यात किंवा पावसात चालत्या गाडीला ते लावले की लेन बदलण्याचा इशाराच देता येत नाही.

बारावा तास मिश्र फेरीचा. शिकणाऱ्याने गाडी चालवता चालवता काय दिसते आणि पुढे काय होऊ शकते ते मोठ्याने बोलत राहावे: "डावीकडे रिक्षा थांबली, दार उघडेल. बसच्या पुढून कोणी येईल." तो गप्प झाला की त्याची नजर बॉनेटच्या पुढ्यात आली आहे हे प्रशिक्षकाला लगेच कळते.

हे जगात कुठेच नाही असे नाही. ब्रिटनमध्ये १९९५ पासून 'पास प्लस' नावाचा किमान सहा तासांचा ऐच्छिक अभ्यासक्रम आहे, त्यात रात्र, खराब हवामान आणि मोटरवे हे वेगळे घटक आहेत, आणि शेवटी परीक्षा नाही. ऑस्ट्रियाने २००३ पासून परवान्यानंतरच्या पहिल्या वर्षात प्रशिक्षकासोबतच्या दोन फेऱ्या आणि मैदानावरचे सुरक्षा सत्र सक्तीचे केले. जपानमध्ये नव्या चालकाला वर्षभर गाडीवर खूण लावावी लागते. आपल्याकडे शिकाऊ असताना लाल एल, आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही.

आता आयुक्तांकडे मागण्या. मूळ नियम केंद्राचे आहेत हे आम्ही जाणतो, पण ऐच्छिक दुसरा टप्पा राज्याला आजही सुरू करता येईल. प्रत्येक जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीने घाट, रात्र आणि द्रुतगतीसाठी रस्त्यांचे ठरावीक टप्पे जाहीर करावेत. आरटीओचे ट्रॅक आणि चाचणी मैदाने रविवारी ब्रेकच्या सत्रांसाठी नाममात्र भाड्याने द्यावीत. विदर्भ-मराठवाड्यात जिथे घाट दूर आहे तिथे ते तास रात्र आणि समृद्धीला द्यावेत. हप्त्यात सवलतीसाठी विमा नियामकाकडे राज्याने शिफारस करावी. २०२१ च्या नियमांनी आलेल्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत कारचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे, त्यातले २१ तास प्रत्यक्षाचे. तिथून थेट परवाना मिळवणाऱ्यांनाही हा टप्पा लागू असावा, कारण परवान्याआधी शिकलेले आणि स्वतः सहा महिने चालवून आल्यावर शिकलेले यांत फरक पडतो. तोवर चुकीच्या सवयी लागलेल्या असतात आणि त्या दुरुस्त करता येतात. दुचाकीस्वारांचे मृत्यू सर्वांत जास्त आहेत. त्यांचा अभ्यासक्रम वेगळा लागतो आणि तो मांडायला आम्ही स्वतंत्रपणे येऊ.

प्रशिक्षकासाठी आज दहावी, पाच वर्षांचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र एवढी अट आहे. दुसऱ्या टप्प्यात शिकणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीत जोडब्रेक नसेल. तिथे बसणाऱ्या प्रशिक्षकाने आधी भोसरीच्या सीआयआरटीसारख्या (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) संस्थेत किमान आठवडाभराचे प्रशिक्षण घ्यावे. आणि स्कूलचालक बंधूभगिनींनो, नमुना १५ मध्ये तासांची नोंद आपण करतो. काही ठिकाणी ती गाडी न हलताच भरली जाते, हे आपल्याला सर्वांना माहीत आहे. पहिले १० तास खरे नसतील तर हे १२ तास कशावर उभे करणार? आयुक्तांनी ही नोंद जीपीएसला जोडावी अशी मागणी आपणच करूया.

पहिली तुकडी जूनमध्ये सुरू झाली तर घाट आणि पाऊस एकाच फेरीत शिकवता येतील. त्यासाठी जिल्ह्यांकडून रस्त्यांच्या टप्प्यांची यादी एप्रिलअखेर मागवावी आणि प्रशिक्षकांची पहिली शिबिरे मे महिन्यात घ्यावीत. अभ्यासक्रमाचा तासवार मसुदा आम्ही सादर करू, आणि या शिबिरांत विनामूल्य शिकवायला तयार आहोत.

आपले,
महाराष्ट्रातील काही मोटार प्रशिक्षक